अंगठ्याएवढा खळगा

१

सकाळी सहाला कोल्ड स्टोरेजचं मागचं दार उघडायचं, एका स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवायचा, कानटोपी खाली ओढायची आणि तीन नंबरच्या खोलीत शिरायचं, हा त्याचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. आत एक डिग्री. हवा ओली, भिंतींना घाम सुटल्यासारखा, आणि छताखालचे सहा पंखे असे घोंघावत की आपलंच खोकणं आपल्याला ऐकू येऊ नये. खोलीत फक्त गाजरं. क्रेटवर क्रेट, चौदा क्रेटची एक थप्पी, आणि अशा दोनशे थप्प्या. शेतातून काढली की चार-पाच महिने ती इथे पडून राहायची आणि मागणी आली की बाहेर निघायची.

काम सांगायला सोपं. रोज वीस थप्प्यांमधले क्रेट उतरवायचे, आत हात घालायचा आणि गाजर अंगठ्याने दाबून बघायचं. धडधाकट गाजर अंगठ्याला दाद देत नाही. कुजायला लागलेलं मात्र वरून कितीही टवटवीत दिसलं तरी अंगठा टेकवला की आत मऊ लागतं. रबरी हातमोजे मिळत, पण रबरातून काही कळत नाही म्हणून त्याने उजव्या मोज्याचा अंगठा कात्रीने उडवला होता. त्याचं बघून सगळ्यांनीच उडवले. त्यावरून त्याचं नाव पडलं अंगठेबहाद्दर. माणूस पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, अक्षर मोत्यासारखं, पण चिकटलं ते चिकटलंच. पुढे एवढं लांब नाव घ्यायचा कंटाळा येऊन लोक नुसतंच बहाद्दर म्हणायला लागले.

आणि एक नियम होता, त्यानेच घालून दिलेला. एक गाजर गेलेलं सापडलं की त्याला टेकलेली चारही काढायची. डावं, उजवं, वरचं, खालचं. दिसायला कितीही चांगली असोत. "शेजाऱ्यांना विचारत बसायचं नाही," तो नव्या माणसांना सांगायचा. "ते चांगलंच म्हणणार."

सकाळी नऊला आणि दुपारी बाराला तो घरी पळायचा. घर दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. बायको अकरा महिने अंथरुणाला खिळलेली. जिन्यावरून पडली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं. दर तीन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पडून पडून जखमा होतात. दिवसा तिची धाकटी बहीण येऊन बसायची, पण ती पडली काडी पैलवान. उचलायला हाच लागायचा.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, पुढच्या महिन्याची सहा. उभी नाही तरी खुर्चीत बसेल, कदाचित पावलं टाकेल, असं ते म्हणाले होते. अट एकच होती. पाठीवर, कमरेवर एकही जखम नको. एक जरी झाली तरी तारीख रद्द, आणि मणका काही फार दिवस वाट बघत नाही. बहाद्दर त्या सहा तारखेवर जगत होता म्हटलं तरी चालेल.

वळवताना ती मोजायची. एक, दोन, आणि तीनला त्याने उचलायचं. "तीनच्या आधी उचललंत तर काडीमोड," ती म्हणायची. अकरा महिन्यांत त्याने एकदाही आधी उचललं नव्हतं.

२

त्या मंगळवारी पावणेबाराला पंखे बंद झाले. त्यात नवल काही नव्हतं. नळ्यांवर साचलेलं बर्फ वितळावं म्हणून दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटं ते बंद व्हायचेच. मग खोलीत अशी शांतता पसरायची की थेंब टपकलेला मोजता यावा.

त्या शांततेत त्याचा अंगठा एका गाजरात पेरापर्यंत आत गेला. त्याने गाजर बाहेर काढलं. टोकाशी पांढरी बुरशी, पिंजलेल्या कापसासारखी, आणि कापसात मोहरीएवढे काळे दाणे. हेही नेहमीचंच. त्याने शेजारची चार उचलून दाबली. दगडासारखी टणक. आता ती मागच्या खड्ड्यापर्यंत न्यायची, चुना टाकायचा, हात औषधाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. घड्याळात बाराला पाच कमी. सकाळी घरी लाइट नव्हती म्हणून पाणी चढलं नव्हतं, सगळाच घोळ होता, त्यात नऊची फेरी तशीच गेली, आणि बायको सहा वाजल्यापासून धड वळलेली नव्हती.

त्याने गेलेलं गाजर पिशवीत टाकलं, चार शेजारी जागच्या जागी ठेवून दिले, अंगठा पँटीला पुसला आणि निघाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. जिना चढताना त्याच्या मनाला ते जरा खटकलं, पण उद्या सकाळी पहिलं काम तेच करू, असं त्याने स्वतःला समजावलं.

"आज हात किती गार आहेत तुमचे," तो कुशीवर वळवत असताना बायको म्हणाली. खांद्याखाली हात गेला तेव्हाच तिला ते कळलं असणार, कारण कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तो क्रेट उतरवला. चारही गाजरांवर एकेक खळगा पडला होता. ती कुजलेल्या गाजराला ज्या बाजूने टेकली होती तिथे तो असता तर त्याने कपाळाला आठीही घातली नसती. खळगा दुसऱ्या बाजूला होता, त्याने दाबून बघितलं होतं तिथे. अंगठ्याएवढा, लांबट, कडा मऊ. आणि मधून एक तिरपी बारीक रेघ उठलेली.

त्याच्या अंगठ्यावर अशीच तिरपी रेघ होती. तरुणपणी विळी लागली होती, त्याची खूण. त्याने खळग्यात अंगठा ठेवून पाहिला. डब्यावर त्याचंच झाकण बसावं तसा तो बसला.

३

काटेवाला म्हणजे वजनकाट्यावर बसणारा, बहाद्दरचा जुना दोस्त. आयुष्यभर बसून काम केल्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार असायचं. त्याने गाजर उलटंपालटं करून बघितलं.

"दाबलंस की साल दुखावते. साल दुखावली की बुरशीला दार उघडं. यात भूत कुठून आलं?"

"भूत म्हणालं कोण?"

"तुझं तोंड म्हणतंय."

"आणि ही रेघ?"

काटेवाल्याने चष्मा शर्टाला पुसला. "अरे, चिखलात तू पाय दिलास तर ठसा तुझाच उठणार. हत्तीचा कसा उठेल?"

हे इतकं सरळ होतं की बहाद्दरला स्वतःची लाज वाटली. पण माणूस हट्टी. एक नंबरच्या खोलीतून त्याने ताजी गाजरं आणली आणि एका रिकाम्या क्रेटमध्ये पाच-पाचच्या चार रांगा मांडल्या. पहिली रांग उजव्या अंगठ्याने दाबली. दुसरी डाव्या. तिसरी कोरे, न कापलेले मोजे घालून. चौथ्या रांगेला त्याने हातच लावला नाही. ती एका निवडणाऱ्या बाईकडून ठेवून घेतली आणि तिला विचारू दिलं नाही कशाला म्हणून. क्रेट खोलीच्या कोपऱ्यात ठेवून त्यावर खडूने तारीख लिहिली.

तीन दिवस त्याने तिकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी पंखे बंद असताना तो कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला.

पहिल्या रांगेत खळगे होते, तिरप्या रेघेसकट. ते असणारच. तिसऱ्या रांगेतही होते, तेव्हा मोजे कुठेतरी भोकाचे असतील असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या रांगेतले खळगे मात्र त्याने बराच वेळ पाहिले. डाव्या अंगठ्यावर रेघ नव्हती, तरी खळग्यांत ती होती. आणि चौथी रांग, जिला त्याने हात लावला नव्हता, तिच्या पाचही गाजरांवर तेच खळगे, तीच रेघ. ती फक्त शेजारी पडून होती.

तेवढ्यात थप्प्यांच्या आतून कुठूनतरी आवाज आला. धस्. हळू, कोणी मऊ उशीवर डोकं ठेवावं तसा. आवाज कशाचा ते त्याला ठाऊक होतं. आतली गाजरं लिबलिबीत झाली की वरचं ओझं खाली बसतं. पण एवढ्या वर्षांत तो त्याने फार तर चार-पाचदा ऐकला होता. त्या वीस मिनिटांत त्याने तो नऊ वेळा ऐकला, आणि ज्या थप्प्यांतून तो आला त्या सगळ्या याच आठवड्यात त्याने तपासल्या होत्या.

४

घरी तपासायला येणाऱ्या नर्सने त्याला एक परीक्षा शिकवली होती. कातडी दाबायची. पांढरी पडते. सोडली की दोन सेकंदांत लाली परत येते. आली म्हणजे सगळं ठीक.

त्या दुपारी त्याने बायकोच्या कमरेवर, हाडाच्या जरा वर, बोट टेकवलं. नेहमीचीच परीक्षा. पांढरा डाग पडला. त्याने दोनपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत, मग वीसपर्यंत. डाग तसाच. मग त्याचं लक्ष गेलं की वळवताना त्याचे अंगठे रोज जिथे टेकतात तिथे अशाच चार जागा आहेत, दोन इकडे, दोन तिकडे. खोल नव्हत्या. उजेड तिरका नसता तर दिसल्याही नसत्या.

"काय बघताय एवढं?" ती तोंड भिंतीकडे असताना म्हणाली. "पाठ आहे, पेपर नाही."

"काही नाही. चादरीची सुरकुती."

त्याने चादर पाठीवर ओढली. इतकी भीती त्याला ती जिन्यावरून पडली तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा दोष जिन्याचा होता.

त्या दिवसापासून त्याने तिला हात लावणं टाळलं. मेहुणीला म्हणाला, माझी कंबर धरलीय, चार दिवस तूच बघ. बिचारीने जीव तोडून प्रयत्न केला. पण तिच्याने बायको अर्धीच वळायची, मागे टेकू म्हणून ठेवलेली उशी घसरायची, आणि तिसऱ्या दिवशी माकडहाडापाशी लालभडक चट्टा उठला. वळवलं नाही तर जखम होणार हे लहान पोरालाही कळलं असतं. आणि वळवायला हात त्याचेच होते.

"भावोजी, माझ्याच्याने नाही होत," मेहुणी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "तारीख जाईल हो."

मग त्याने कोरे मोजे चढवले, वर आणखी एक जोड चढवला आणि चादरीला धरून तिला वळवायला लागला. बायकोने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला हात का लावत नाही तुम्ही?"

"हाताला पुरळ आलंय. तुला लागायला नको."

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तुमचं खोटं मला झोपेत पण ऐकू येतं." तिने चादरीचं टोक मुठीत धरलं. "किळस आली असेल तर तसं सांगा. मला राग नाही यायचा."

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, मी तुला जपतोय. पण कशापासून, ते कुठल्या तोंडाने सांगणार? तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि रडला. मोजे काढायची भीती वाटली म्हणून डोळे दंडाला पुसले.

५

नर्स महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आली. उत्साही बाई, दिवसाला अकरा घरं करायची. तिने बायकोला कुशीवर केलं आणि गाणं गुणगुणायची ती थांबली.

"काका, हे काय?"

चारही खळगे आता उघड दिसत होते. नर्सने एकात आपला अंगठा ठेवून खोली मापली, दुसऱ्यात ठेवून मापली, आणि बहाद्दरच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी चौथाही मापून झाला. मोजे तिने घातलेच नव्हते.

"फार रुतवून धरता तुम्ही. तळहाताने उचलायचं असतं, बोटांनी नाही. किती वेळा सांगितलं होतं." मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "प्रेमानेच करता, माहितीय मला. पण अशा कातडीवर ऑपरेशन नाही करत, काका. मी डॉक्टरांना कळवते."

सहा तारीख गेली. इतक्या साध्या वाक्यात गेली.

"हात धुवा," तो तिला दारापर्यंत सोडताना म्हणाला. "नीट धुवा. साबणाने."

"धुते की," ती हसली आणि पुढच्या घराकडे जिना उतरून गेली.

तो खोलीत परतला तेव्हा बायको छताकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडत नव्हती. "इकडे या," ती म्हणाली. तो पलंगाशी टेकला, तसं तिने त्याचा उजवा हात धरला आणि दोन्ही मोजे एका ओढीत उपसून काढले. तिच्या हातात अजून तेवढी ताकद होती. "पुरळ कुठाय?" तिने विचारलं. त्याने हात मागे खेचायच्या आत तिने तो आपल्या गालावर दाबून धरला. "जाऊ दे ती तारीख. दुसरी मिळेल. तुम्ही नका असं तोंड करू."

त्याने हात काढून घ्यायला हवा होता. पण पंधरा दिवसांत कुणी त्याला असं धरलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, आणि ते सुख त्याला मनापासून वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

सोमवारी सुपरवायझरने तीन नंबरची खोली रिकामी करायला लावली. दोनशेच्या दोनशे थप्प्या. "सीझनच खराब आहे, तुझा काही दोष नाही," तो म्हणाला. निवडणाऱ्या बायका रांगेत उभ्या राहून गाजरं खड्ड्यात ओतत होत्या, कापलेल्या मोज्यांतून त्यांचे उघडे अंगठे दिसत होते. काटेवाला आज कामावर आला नव्हता. हाताला काहीतरी झालंय, असा निरोप होता.

६

मंगळवारी सकाळी मेहुणी बहिणीचे केस विंचरत होती. "ताई, तुला खळी कधीपासून पडायला लागली गं?"

"मला कुठली खळी?"

"ही काय, गालावर."

बायकोला गंमत वाटली. "लग्नात नव्हती ती म्हातारपणी आली. बघा हो, तुमचं नशीब फळफळलं." ती हसली. हसणं थांबलं तरी खळी तशीच राहिली.

बहाद्दर दारात उभा होता, खोली रिकामी झाल्याने आज त्याला काम नव्हतं. खळीतून एक तिरपी रेघ गेली होती. त्याने नर्सला फोन लावला. शनिवारपासून लावत होता, तिकडून कुणी उचलत नव्हतं. दवाखान्यात लावला तर म्हणाले, त्या रजेवर आहेत, त्यांच्या बऱ्याच पेशंटांचे फोन येतायत, तुम्ही थांबा. तो दहा मिनिटं थांबला आणि फोन आपोआप कट झाला.

"भावोजी, जरा बघता का," मेहुणी स्वयंपाकघरात आली आणि तिने ओट्यापाशी बाही वर केली. "हे दुखत नाही, खाजत नाही. काय चावलं असेल?"

मनगटाच्या आतल्या बाजूला खळगा होता. बायको आधारासाठी तिचं मनगट तिथेच धरायची. बहाद्दरने मेहुणीला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. तरी रेघ त्याची होती.

एक गेलं की चार काढायचे. नियम त्याचाच. डावं, उजवं, वरचं, खालचं. त्याने ओट्याला टेकून मोजायला सुरुवात केली. बायको. मेहुणी, तिचा नवरा, तिची दोन मुलं. नर्स. नर्सची अकरा घरं आणि त्या प्रत्येक घरातले चार. निवडणाऱ्या बायका. काटेवाला आणि त्याच्या घरचे. खरं तर मुळात काढायचं होतं ते एकच, पहिलं. ते तो कधीच काढू शकला असता. अंगावर चुना घालून निजला असता खड्ड्यात, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आता त्याला उशीर झाला होता, आणि तरीही आता तो बायकोला सोडून गेला तर दर तीन तासांनी तिला वळवणार कोण?

"घरी जा," तो मेहुणीला म्हणाला. मग त्याला तिची मुलं आठवली. "नको. घरी नको जाऊ. बस इथेच."

"असं काय करताय, भावोजी?"

"बस म्हणतो ना."

ती स्टुलावर बसली आणि मनगट चोळत राहिली.

बाराला लाइट गेली. बाहेरच्या खोलीतला पंखा दोन-चार फेरे मारून थांबला, आतलाही थांबला, फ्रीजची घरघर बंद पडली. घरात अशी शांतता पसरली की नळाचा थेंब मोजता यावा. त्या शांततेत आतल्या खोलीतून, पलंगाच्या बाजूने, आवाज आला.

धस्.

मेहुणीने मान वर केली. "ताईची उशी पडली वाटतं."

त्याला तो आवाज चांगला ठाऊक होता. वरचं ओझं खाली बसल्याचा आवाज.

"अहो," आतून बायकोने हाक मारली. आवाज अगदी नेहमीचा, थोडा थट्टेचा. "आहात ना? बारा वाजून गेले. वळवा की मला."

तो आत गेला. पडदा ओढलेला होता, त्याने तो तसाच राहू दिला. तिच्या तोंडाकडे त्याने बघितलं नाही. चादर मात्र दिसली, कमरेपाशी सकाळपेक्षा खाली गेलेली, आणि उशीच्या अभ्र्यावर मोहरीएवढे चार-पाच काळे दाणे. त्याने ते हाताने झटकले. मोजे खुर्चीवर पडले होते. ते घालून आता काय साधणार होतं? त्याने उघडे हात तिच्या खांद्याखाली आणि कमरेखाली घातले, रोजच्यासारखे. हाताखाली जे लागलं ते त्याने गेली एकोणीस वर्षं रोज क्रेटमधून उचलून बाजूला टाकलं होतं.

"किती गरम आहेत आज हात," ती म्हणाली. "बरं वाटलं. धरलंत ना नीट?"

"धरलंय."

"एक," तिने मोजायला सुरुवात केली.

त्याने डोळे मिटले. आपण उचललं की काय होईल हे त्याला ठाऊक होतं, आणि नाही उचललं तरी तेच होणार होतं.

"दोन."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याला वाटलं, हिने आता इथेच थांबावं, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, पुढचं काही म्हणूच नये.

"तीन," ती म्हणाली.